चेसिस जोडावी की बदलावी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्याकडे लिहायची वेळ येते ती लग्नपत्रिकांवर नावं घालताना, आणि तेव्हासुद्धा अक्षर चांगलं म्हणून शेजारच्या काकूंना बोलावतात. मी मराठी घरात ऐकून शिकलो, शाळा हिंदी झाली आणि कॉलेज इंग्लिश चाललं आहे. त्यामुळे मध्येच हिंदी शब्द आला तर मुलगा इंदूरचा आहे म्हणून सोडून द्या, आणि इंग्लिश आला तर समजा की मी घाबरलो आहे. बरं, विषय तरी काय? गाडीच्या पोटाखालचं लोखंड. मोठी माणसं आठवणी लिहितात तेव्हा त्यांच्याजवळ आठवणी असतात. माझ्याजवळ एक चेसिस आहे. तीही पूर्ण जुनी नाही, पण ते पुढे येईलच.

आमच्याकडे एक विलायती मोटर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक फोटो मागतात आणि फोटो दाखवला की गप्प होतात. माझे पणजोबा संस्थानच्या मोटरखान्यात आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर होते. संस्थान गेलं तेव्हा चांगल्या गाड्या चांगल्या लोकांकडे गेल्या. ही चालत नव्हती, म्हणून पणजोबांना मिळाली. तेव्हापासून ती आमच्या घराण्याची शान आहे. सुदामा नगरला घर बांधलं तेव्हा आधी तिच्यासाठी पत्र्याची शेड उभी राहिली आणि उरलेल्या जागेत आम्ही राहायला गेलो.

या गाडीचं वर्षातून एकच काम. दसऱ्याला आजोबा साफा बांधून मागच्या सीटवर बसतात आणि गाडी गावाची सीमा ओलांडून येते. आमचे पूर्वज फौजेत होते, ते घोड्यावरून सीमोल्लंघन करायचे. घोडा गेला, मोटर आली, रीत तीच राहिली. अडचण अशी झाली की गाडी म्हातारी होत गेली आणि सीमा लांब पळत गेली. पणजोबांच्या वेळी शेवटच्या घरापासून दहा मिनिटांत बाजरीचं शेत लागायचं. आता इंदूर संपता संपत नाही. आजोबांना शॉर्टकट चालत नाही. ते म्हणतात, "नगर निगमाच्या हद्दीचा बोर्ड आहे ना देपालपूर रोडवर? तीच सीमा. बाकी सगळं अंगण." आणि नियम दुसरा: गाडीनं स्वतःच्या पायांनी जायचं. टोइंग नाही, धक्का नाही.

गेली बरीच वर्षं धक्काच चालू होता. गाडी ढकलत कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची, तिथे आपट्याची पानं वाटायची आणि परत आणायची. आजोबा फक्त घरी आल्यावर साफा सोडताना म्हणायचे, "अंगणात फिरून आलो."

मागच्या दसऱ्याला तेही जमलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून धक्का दिला, गाडी फाटकापर्यंत आली, आतून लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग खाली बसला. म्हशीसारखी बसली. अख्खी गल्ली बघत होती. आजोबा आत तसेच ताठ, फक्त आता जरा आकाशाकडे बघत. समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, "क्या हुआ, दादाजी?"

"बैठ गई," आजोबा म्हणाले. "उमर हो गई है, बैठने दो."

त्या रात्री जेवताना मात्र ते पप्पांना म्हणाले, "मला एकदा बोर्डापलीकडे जायचं आहे. हिच्यात बसून. पुढच्या दसऱ्याला जमवा. त्याच्या पुढचं मी काही सांगत नाही." त्यांना तेव्हाच जिना चढताना मध्ये थांबावं लागत होतं.

आता यात माझा संबंध कसा आला ते सांगतो. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेला मी पहिला. मेकॅनिकल इंजिनियरिंग, तिसरं वर्ष. घरात दुसरं कॉलेज नसल्यामुळे सगळ्या विषयांचं कॉलेज मीच आहे. गीझर गरम होत नाही, मला विचारा. आत्याचा गुडघा दुखतो, मला विचारा. एकदा तर शेजारच्या मुलाची पत्रिका जुळते का ते बघायला मला दिली होती, कारण "ह्याला कॉम्प्युटर येतो". मी दर वेळी नम्रपणे सांगतो की मला माहीत नाही, आणि घरचे दर वेळी समजतात की हा विनय आहे. शिकलेली माणसं अशीच बोलतात असं त्यांनी टीव्हीवर बघितलं आहे.

तेव्हा गाडी जॅकवर चढवल्यावर तपासणीला मलाच खाली पाठवलं गेलं. चेसिस म्हणजे तसं साधं प्रकरण असतं. लोखंडाची एक शिडी आडवी ठेवलेली, तिच्यावर इंजिन, तिच्यावर बॉडी, तिच्यावर माणसं. लोखंड चांगलं असेल तर ठोकल्यावर टणटण वाजतं, हे मी व्हिडिओत बघून आलो होतो. पुढच्या बाजूला पान्यानं ठोकलं तर खरंच टणटण वाजलं. बाहेर उभे असलेले सगळे "हां" म्हणाले. मग मागच्या स्प्रिंगा जिथे अडकतात तिथे ठोकलं. पाना आत गेला. परत आला नाही. मागून कुंभारमाशीच्या घराची माती माझ्या तोंडावर पडली.

"क्या निकला?" काकांनी वाकून विचारलं.

"माती," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं तांत्रिक मत.

इथून घरात दोन पक्ष पडले. काका शाळेची व्हॅन चालवतात. त्यांची व्हॅन इतक्या वेळा जोडलेली आहे की ती नेमकी कोणत्या कंपनीची, हे आता फक्त काकांनाच माहीत. त्यांचं म्हणणं, जोडा. पप्पा पोलोग्राउंडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. झिजलेली वस्तू खिडकीवर आली की नवी काढून देणं हेच त्यांनी जन्मभर केलं. त्यांचं म्हणणं, बदला.

"अरे, चेसिस म्हणजे गाडीचा कणा," काका म्हणायचे. "नंबर तिच्यावर ठोकलेला असतो. आजोबांनी, पणजोबांनी हिच्यावर हात फिरवला आहे. कणा बदलतं का कोणी?"

"नाही बदलत," पप्पा म्हणायचे. "म्हणून माणूस खाटेवर पडून राहतो. गाडीलाही ठेवू या खाटेवर. आपण तिला खिचडी भरवू."

"तुझा बाप बसणार आहे तिच्यात!"

"तोच तर बसणार आहे, म्हणून सांगतो!"

बाप दोघांचा एकच. आणि मग दोघंही माझ्याकडे वळायचे. "तू सांग. तू इंजिनियर."

मी पुस्तक काढलं. पुस्तकातल्या सगळ्या तुळया सरळ आणि स्वच्छ होत्या, एकीतही माती नव्हती. मी कॉलेजमध्ये सरांना विचारलं. सर भले माणूस आहेत, त्यांनी फोटो नीट बघितले, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "इट डिपेंड्स." किती गंजलं आहे, कुठे गंजलं आहे, किती वेगानं चालवणार, यावर अवलंबून आहे. मला हे उत्तर फार खोल वाटलं. मी ते जसंच्या तसं घरी आणलं.

"सर काय म्हणाले?"

"डिपेंड्स."

पप्पांनी काकांकडे बघितलं, काकांनी पप्पांकडे. त्या दिवशी पहिल्यांदा दोघं एका पक्षात होते. तेव्हापासून घरात माझं नाव डिपेंड पडलं. "डिपेंड आला का? डिपेंडला पोहे द्या." आईनं नावाला हरकत घेतली, पण आठवडाभरानं तीच गच्चीवरून "अरे डिपेंड, कपडे काढ" असं ओरडली.

दिवस जात होते. मी पक्कं काहीतरी सांगेन म्हणून सगळे थांबले होते, आणि कोणीतरी आपणहून ठरवून टाकील म्हणून मी थांबलो होतो. मध्ये एका सूत्राकडून खबर आली, सूत्र म्हणजे काकांच्या व्हॅनमधल्या एका मुलाचे मामा, की देपालपूरजवळ एका शेतकऱ्याकडे हीच गाडी आहे. पप्पा खूश झाले. दुसऱ्या गाडीची चेसिस घ्या, आपली बॉडी वर ठेवा, विषय संपला. आम्ही तिघं गेलो. गाडी होती खरी, पण तिची ट्रॉली झालेली होती. वर सोयाबीनची पोती, पुढे ट्रॅक्टर. मी खाली वाकून बघितलं. चेसिस एकदम सरळ, गंज नावाला नाही.

"उत्तम आहे," मी म्हणालो. मला वाटतं, सहा महिन्यांत कोणत्याही अटीशिवाय मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

शेतकरी म्हणाला, "उत्तम तो है भिया, पर बीच में से काटी है. लंबी थी, खेत में मुड़ती नहीं थी. पिताजी ने हाथ भर काट के जोड़ दी."

काका घरापर्यंत हसत आले. "घ्या नवी चेसिस. आजोबांना उकिडवं बसवू या."

पण काकांनाही फार हसता येईना, कारण सावन सरत आला होता आणि आजोबा आता जिन्याच्या खालीच पलंग टाकून झोपत होते. शेवटी मी धीर केला आणि म्हणालो, आधी बॉडी चेसिसवरून उचलू, म्हणजे सगळं उघडं दिसेल. हे कुठल्याही पुस्तकात बरोबरच आहे. रविवारी सगळे चुलतभाऊ जमले. पोलोग्राउंडहून पप्पांच्या ओळखीचा वेल्डर आला. हा माणूस वेल्डिंग कमी आणि कॉमेंट्री जास्त करतो. फौजेचं रक्त असल्यामुळे "हर हर महादेव"शिवाय आमच्याकडे कपाटही हलत नाही. तशी गर्जना झाली, बॉडी उचलली, विटांच्या चार ढिगांवर ठेवली. टाळ्या झाल्या. मग एका भावानं सहज मागचा दरवाजा लावून बघितला. तो लागेना. दुसराही लागेना. बॉडीला आतून लाकडाचा सांगाडा असतो, आणि तिला खालून आधार देणारी चेसिस काढली की ती म्हाताऱ्या माणसासारखी मधून वाकते. उचलायच्या आधी दरवाज्यांच्या चौकटीत तिरके पाइप ठोकायचे असतात. हे मला संध्याकाळी व्हिडिओत समजलं.

वेल्डर म्हणाला, "मैंने तो मन में बोला था, पाइप मारो पहले."

"जोर से बोलना था ना, भिया," काका म्हणाले.

"इंजिनियर साहब खड़े थे, मैं कैसे बोलता?"

इंजिनियर साहेबांनी तोवर विटांच्या ढिगामागे एक काम शोधून काढलं होतं.

गणपती आले तेव्हा गाडी दोन तुकड्यांत होती. आरतीला येणारे लोक आधी शेडमध्ये डोकावायचे आणि मग गणपतीला नमस्कार करायचे. एका दुपारी मी उघड्या चेसिसजवळ बसलो होतो. तारेच्या ब्रशनं घासत होतो, म्हणजे विचार करत होतो. आजोबा काठी टेकत आले, खुर्ची ओढली, बसले.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पुढचा भाग चांगला आहे, नंबर त्याच भागावर आहे. मागचा भाग गेला आहे. पूर्ण नवीन शिडी बनवली तर मजबूत होईल, पण मग ही गाडी तीच राहील का, हा प्रश्न आहे. मूळ लोखंड किती ठेवायचं यावर पप्पांचं आणि काकांचं जमत नाही. काका तर या मागच्या भागाला रोज डोकं टेकवतात, पणजोबांचा हात लागलेला म्हणून.

आजोबांनी काठीनं तो मागचा तुकडा हलवून बघितला. "हा?"

"हो."

"हा मी आणला होता. मिलच्या भंगारातून. तुझे पप्पा नुकते शाळेत जायला लागले होते तेव्हा. मागचा मूळ भाग तेव्हाच सडला होता. रिव्हेट मारून बसवला आणि वरून काळा रंग फासला. पणजोबा तर तेव्हा नव्हतेच."

मी ब्रश खाली ठेवला. तेलाचा थर खरवडल्यावर दोन लोखंडांची जोडरेष दिसत होती, रिव्हेटांची रांगही दिसत होती. कित्येक महिने घर ज्याच्यावरून भांडत होतं तो खानदानी कणा मिलच्या भंगारातला होता.

"आजोबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"विचारलं कोणी? तुम्ही सगळे शिकल्यासारखे बोलत होता. मला वाटलं, वेगळंच काहीतरी चाललं आहे." मग ते पुढे वाकले. "मला एक सांग. पलीकडे जाईल ना?"

"आजोबा, तसं ते डिपें..."

"ते नको. हो की नाही?"

मी चेसिसकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या गळ्याखालची शीर उडत होती. मी म्हणालो, "हो."

हे मी कशाच्या आधारावर म्हणालो ते मला अजून माहीत नाही. पण एकदा म्हटल्यावर सगळं झटपट झालं, कारण घरात निर्णय हवा होता, बरोबर असलाच पाहिजे अशी अट कोणाचीच नव्हती. पुढचा नंबरचा भाग ठेवला. मागचं सगळं कापून टाकलं, तिथे नवीन लोखंडी चॅनल जोडलं, जोडावर आतून पट्टी दिली. काका म्हणाले, बघ, शेवटी जोडलीच. पप्पा म्हणाले, बघ, शेवटी बदललीच. भंगाराचा तुकडा मात्र काकांनी फेकू दिला नाही. आता तो पणजोबांचा नाही, आजोबांचा म्हणून डोक्याला लावतात. इंजिन काकांनी स्वतः जागं केलं, त्यांच्या व्हॅनच्या अनुभवावर. बॉडी वर बसली तेव्हा एक दरवाजा लागला, एक नाही लागला. तो आजोबांच्या उपरण्यानं बांधायचं ठरलं.

दसऱ्याला दुपारी गाडीची पूजा झाली. आजोबांनी साफा बांधला. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज असा आला की गल्लीतली कुत्री आधी पळाली आणि मग लाज वाटून परत आली. काका चालवायला, पप्पा शेजारी, आजोबा मागे, मांडीवर आपट्याच्या पानांची टोपली. मी बाइकवर मागून येणार, टूलबॉक्स घेऊन. काही मोडलं तर इंजिनियर हजर. व्हिडिओ काढायला म्हणून काकांनी माझा फोन घेतला, कारण माझा कॅमेरा चांगला आहे. फाटकातून बाहेर पडताना मी मागच्या भागाकडेच बघत होतो. बसला नाही. कॉलनीच्या कोपऱ्यावर बसला नाही. मोठ्या रस्त्याला लागली तरी बसला नाही. स्पीड ब्रेकरवर माझंच काळीज खाली गेलं, चेसिस जागेवर होती.

देपालपूर रोडवर निम्म्या वाटेत माझ्या बाइकचं मागचं चाक पंक्चर झालं. बाइक नवी आहे, वॉरंटीतली. टूलबॉक्समध्ये जगातला प्रत्येक पाना होता, एका विलायती गाडीसाठी. पंक्चरचं सामान नव्हतं. मी हात हलवले, ओरडलो, पण त्या इंजिनापुढे ऐकू काय जाणार? आजोबांचा साफा लांब जात जात दिसेनासा झाला.

फोन काकांकडे. पंक्चरवाला दसऱ्याला बंद. दोन्ही बाजूंना सोयाबीन कापलेली शेतं. मी टूलबॉक्सवर बसलो आणि माझ्या त्या "हो"चा विचार करत राहिलो. जोडावरची पट्टी पुरेशी जाड होती का? वेल्डरनं बोलता बोलता एखादा टाका कच्चा सोडला असेल तर? आजोबा आतमध्ये पुन्हा आकाशाकडे बघत बसले असतील तर? समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मी उठून बघायचो आणि पुन्हा बसायचो. एका ट्रकवाल्याला थांब म्हणून हात केला, त्याला वाटलं सणाचा नमस्कार, त्यानंही हात हलवला आणि गेला.

ऊन उतरायला लागल्यावर समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आली आणि माझ्याजवळ हळू झाली. दूधवाल्याच्या खिशात आपट्याची डहाळी खोचलेली होती.

"भिया, इंजिनियर आप ही हो क्या?"

एरवी मी नम्रपणे नाही म्हटलं असतं. "हो," म्हणालो, मग हिंदीत, "हाँ, हाँ, मैं ही हूँ."

त्यानं खिशातून एक पान काढून माझ्या हातात दिलं. "उधर एक बाबा बैठे हैं पुरानी मोटर में. आते-जाते सबको सोना बाँट रहे हैं. बोले, रस्ते में मेरा पोता मिलेगा, डब्बा लेके, मुँह लटका के. उसको बोलना, बैठी नहीं है."

"चल रही है?"

"नहीं, चल तो नहीं रही. बंद पड़ी है. आगे ढक्कन से भाप निकल रही है, दो जने पानी ढूँढ रहे हैं और लड़ रहे हैं."

रेडिएटर. सगळं वर्ष आम्ही पोटाखाली बघत होतो, नाकाकडे कोणीच बघितलं नव्हतं. पण त्या वेळी मला त्याचंही काही वाटलं नाही. मी एकच विचारलं.

"बंद कहाँ पड़ी है? बोर्ड के इस तरफ, या उस तरफ?"

दूधवाल्यानं गाडीला किक मारली. "उस तरफ, भिया. पूरी की पूरी उस तरफ."